नाकासाठी घडवलेला पेला

मित्रांनो, मी काचेचा एक पेला आहे. आता जुना झालो आहे. माझ्यातून कोणी कधी तहान भागवली नाही. माझं पोट गोल आहे, तोंड अरुंद आहे आणि बूड जाड, बुटकं आहे. पोट गोल, म्हणजे आत ओतलेल्या व्हिस्कीचा वास मोकळा होतो. तोंड अरुंद, म्हणजे तो वास इकडेतिकडे न जाता सरळ वाकलेल्या नाकात शिरतो. ओठांसाठी नव्हे, नाकासाठी मला घडवलं. माझ्यात जे ओततात ते मुलांच्या कामाचं नाही, आणि मोठ्यांनीही ते जपूनच घ्यावं. पण माझं काम पिण्याचं नव्हतंच. पारखण्याचं होतं. त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म भट्टीत झाला. काच अजून लाल होती तेव्हा तिच्यात हवेचा एक बुडबुडा राहून गेला आणि तो माझ्या बुडात कायमचा अडकला. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडासमोर धरलं, बुडबुडा पाहिला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बुडातच आहे ना? जाऊ दे." अशा रीतीनं मी फुटण्यातून वाचलो आणि भावंडांबरोबर खोक्यात बसून भिवंडीला आलो.

कशेळीला खाडीच्या अंगाला गोदामांची रांग आहे. त्यातल्या एका गोदामात परदेशातून आलेली दारू उतरते. खाली फोर्कलिफ्ट फिरतात, गाड्या लागतात, हमाल ओरडतात. वर एक लहानशी पांढरी खोली आहे. तिच्या खिडक्या कधी उघडत नाहीत, कारण उघडल्या की डिझेलचा वास येतो आणि ओहोटी असेल तर चिखलाचा. तीच आमची चाखणीची खोली. पांढरं टेबल, एक बेसिन, थुंकायची बादली आणि भिंतीशी खुंट्यांची एक घोडी. प्रत्येक खुंटीवर एक पेला उलटा, खालून वारा खेळेल असा.

या खोलीच्या मालकीणबाई म्हणजे क्षितिजा मॅडम. मालकी कंपनीची, पण खोली त्यांची. ठाण्याहून यायच्या. केस पांढरे, साडी सुती, अंगाला अत्तर नाही की पावडर नाही. दुपारच्या आधी कांदा खायच्या नाहीत. आमच्याकडे सगळ्यात जास्त यायची ती आयर्लंडची ब्लेंडेड व्हिस्की. नवा माल आला की त्यातली बाटली आणायची, आधीच्या मंजूर मालाचा जपून ठेवलेला नमुना शेजारी ठेवायचा, आणि दोन्ही एकच आहेत का ते ठरवायचं. माल बिघडला असेल, बूच खराब असेल, वाटेत कंटेनर तापला असेल, तर ते इथं कळायला हवं. मॅडमनी मान हलवल्याशिवाय खालची गाडी हलायची नाही.

ही व्हिस्की मोठी शांत असते. बहुतेक वेळा तीनदा भट्टीतून काढलेली, त्यामुळे हलकी. काही व्हिस्क्यांना धुराचा वास असतो, तसला आडपडदा तिच्यात नसतो. म्हणून बारीकसा दोषही तिच्यात लपत नाही. मॅडम नव्या माणसाला सांगायच्या, "ब्लेंड म्हणजे भाजणी. चकली खाताना हरभऱ्याची डाळ वेगळी लागली तर भाजणी बिघडली. आणि काहीच लागलं नाही, नुसतं पीठ लागलं, तरी बिघडली."

नेत्रा त्यांच्याकडे आली ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थेट. माहेर धामणकर नाक्याजवळ, वडिलांचे लूम. मॅडमनी माझ्यात थोडी व्हिस्की ओतली, वर काचेची चकती ठेवली, जरा वेळानं चकती काढून मला तिच्यासमोर सरकवलं.

"घाई करू नकोस. तोंड किंचित उघडं ठेव, नाहीतर नुसती स्पिरिटची झणक बसेल. काय येतं ते सांग. पुस्तकातलं सांगू नकोस."

नेत्रानं वास घेतला. मग पुन्हा घेतला. "हिरवं सफरचंद," ती म्हणाली. "आणि... हसणार नसाल तर सांगते. सुताला खळ लावतात ना, त्या खळीचा."

मॅडम हसल्या नाहीत. "खळ कशाची असते?"

"मक्याची."

"यातली हलकी व्हिस्कीही बहुतेक मक्याचीच असते. उद्यापासून ये. गजरा घालून येऊ नकोस."

त्या दिवसापासून त्या दोघी आणि आम्ही पेले, असा संसार सुरू झाला. नेत्राचं लग्न इथंच, कशेळी गावातल्या देवेशशी झालं. सासरी कोणाला काय सांगायचं हा प्रश्न आला. तिची सासू गोदूबाई हिनं तो आपल्या परीनं सोडवला. गावात कोणी विचारलं की म्हणायची, "सून लॅबमधी हाय." समोरचा विचारायचा, "दवाखान्याचे लॅबमधी?" गोदूबाई म्हणायची, "तसलाच कायतरी." नेत्रा हे मॅडमना सांगायची आणि दोघी हसायच्या.

पेले धुवायला सखी होती. अंबाडीच्या पुढच्या पाड्यावरून यायची. तिचा हात हलका. तिनं कधी आमच्यातला कोणी फोडला नाही. साबण लावायचा नाही, फडकं आत घालायचं नाही, नळाखाली धरायचं आणि घोडीवर उलटं ठेवायचं, ही मॅडमची शिस्त तिला पाठ होती. माझ्या बुडातला बुडबुडा तिला आवडायचा. मला धुताना ती तो बोटानं दाबून बघायची, जणू कधीतरी फुटेल.

अशी बरीच वर्षं गेली. आता त्या पावसाळ्याचं सांगतो.

पाऊस सरत आला होता. भिंती घामेजलेल्या होत्या. दिवाळीसाठी आयरिश ब्लेंडचा मोठा माल उतरला होता आणि खाली गोदाम सांभाळणारे केसरीनाथ दिवसातून अनेकदा जिना चढून विचारत होते, "मॅडम, झाला का?"

त्या सकाळी नेत्रानं मला हातात घेतलं तेव्हा मला काहीतरी वेगळं जाणवलं. तिनं नेहमीसारखा वास घेतला. मग मला ओठांशी नेलं. व्हिस्की माझ्या काठापर्यंत आली, तिच्या ओठांना जेमतेम लागली आणि मागे फिरली. तिनं घोट घेतलाच नाही. तरी बादलीकडे वाकून थुंकल्यासारखं केलं आणि रुमालानं ओठ कोरडे पुसून काढले. मॅडमची पाठ होती. हे फक्त मला माहीत होतं.

पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्याही.

कारण तिनं सखीला सांगितलं तेव्हा कळलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. नेत्राला दिवस गेले होते.

"मंग सांग ना मॅडमला," सखी म्हणाली. "गोड बातमी हाय."

"रीमाचं काय झालं, आठवतं ना?"

सखीला आठवत होतं. मलाही. रीमा नेत्राच्या आधी इथं होती. तिला दिवस गेल्याचं कळताच तिला खाली डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं गेलं. बाळंतपणानंतर ती परत आली तीही तिथंच. या खोलीत तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पुढं तर नोकरीच सोडली.

"मला खाली नाही जायचं, सखी," नेत्रा म्हणाली. "मला एवढंच एक येतं."

"पन पोटात तं कायी नको जाया."

"थेंबही जात नाही. नाकानंच करते. आणि खरं सांगू? नाक असं कधीच चाललं नव्हतं. जिन्यात कोणी पान खाल्लं तरी मला इथं कळतं."

मग तो दिवाळीचा माल तिच्यासमोर आला. नेत्रानं मला उचललं, वास घेतला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं मला खाली ठेवलं, खोलीत एक फेरी मारली, आपल्याच बाहीचा वास घेऊन नाक ताजं केलं आणि पुन्हा वाकली.

"मॅडम, यात कुबट वास आहे. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा."

मॅडमनी त्याच बाटलीतली व्हिस्की आपल्या पेल्यात ओतली. बराच वेळ वास घेतला, चव घेतली, थुंकली. "मला काही नाही सापडत. स्वच्छ आहे."

"आहे, मॅडम. सफरचंदाच्या मागे आहे."

केसरीनाथ दारातच उभे होते. "म्हंजे माल परत? मॅडम, गाड्या उभ्या हायत. दिवाळी हाय तोंडावर. ड्रायव्हर लोक माजं डोकं खातात."

"केसरीनाथ, खाली जा," मॅडम म्हणाल्या. "आपण नीट परीक्षा करू."

नीट परीक्षा म्हणजे अशी. आम्हाला पुन्हा नळाखाली धरलं, पालथं घातलं, मग टेबलावर तीन पेले मांडले. दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. एक जुना मंजूर नमुना, एक नवा माल. कुठल्या पेल्यात काय ते फक्त मॅडमना ठाऊक. नेत्रानं वेगळा पेला ओळखायचा. दोष खरा असेल तर ते अवघड नव्हतं.

नेत्रानं तिघांचा वास घेतला. ती जराही अडखळली नाही. तिनं मला पुढं सरकवलं. "हा. यात कुबट आहे."

मॅडमनी तिन्ही पेल्यांकडे एकदा पाहिलं. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "नेत्रा, वेगळा पेला ओळखलास, पण यात जुना नमुना आहे. गेल्या वर्षी तूच पास केलेला. नवा माल त्या दोघांत आहे, आणि त्यांत तुला कुबट आलं नाही."

नेत्राचा चेहरा उतरला. चाखणाऱ्याला याहून वाईट काही ऐकवता येत नाही. नाक नसलेल्याला माफी असते. नसलेला वास घेणाऱ्याला नाही.

"बरं आहे ना तुला?" मॅडमनी विचारलं. "थोड्या दिवसांपासून बघते आहे. तू जेवत नाहीस. पाण्याचा थेंब घालून पुन्हा चव बघायचीस, तेही सोडलंस."

नेत्रानं मला टेबलावर मागे सरकवलं. मग म्हणाली, "मी चवच घेत नाही, मॅडम. मला तिसरा महिना आहे."

खालून फोर्कलिफ्टची शिट्टी ऐकू आली आणि थांबली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"रीमामुळे."

मॅडमनी डोळे मिटले. "तिचं भलंच होईल असं वाटलं होतं मला. तिला काय हवं ते मी विचारलंच नाही." मग म्हणाल्या, "म्हणजे हा वास दिवस गेल्यामुळे असेल. होतं असं. माझ्या बहिणीला दुधाला रॉकेलचा वास यायचा."

तिथंच सगळं मिटलं असतं. माल पास झाला असता, नेत्रा खाली गेली असती. पण नेत्रा उठली नाही. तिला खाली जायचं नव्हतं म्हणून नव्हे, तर तिचा स्वतःच्या नाकावर विश्वास होता म्हणून. तिनं मला उचललं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

"मॅडम, हा बुडबुडेवाला आहे ना? मघाशीही माझ्या हातात हाच होता."

"मग?"

"मघाशी यात नवा माल होता. आता जुना आहे. व्हिस्की बदलली, वास तोच राहिला."

तिनं माझ्यातली व्हिस्की बादलीत ओतली. मला रिकामं नाकाशी धरलं. आणि हसली. कित्येक दिवसांत ती तशी हसली नव्हती.

"वास पेल्यालाच आहे!"

मित्रांनो, मला यातलं काहीच कळलं नव्हतं. काचेला स्वतःचा वास येत नाही.

मॅडमनी मला घेतलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी जिन्यावरून हाक मारली. केसरीनाथ धापा टाकत वर आले.

"याचा वास घ्या."

केसरीनाथांनी मला नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "भिजल्या खोक्याचा. आपले मागच्या शेडमधी येतो ना, तसाच."

मग सखीला बोलावलं. सखी पदर मुठीत धरून उभी राहिली. घोडीची एक खुंटी मोडली होती. ती माझी. म्हणून ती मला रोज कपाटावर, पुठ्ठ्याच्या घडीवर पालथा घालत होती. पाऊसभर तो पुठ्ठा दमट होता. माझ्या पोटात तीच हवा कोंडली जात होती आणि काठाला त्याचा कुबट थर हळूहळू चढत होता, आता कुठे तो जाणवण्याइतका झाला होता. नुसत्या पाण्यानं तो जात नव्हता.

केसरीनाथ भडकले. "आगं, यवऱ्या मालाचा निकाल लागला आसता तुज्या पुठ्ठ्यानं! तुला काय अक्कल—"

"केसरीनाथ," मॅडम म्हणाल्या. "पुठ्ठ्यावर ठेव असं तिला मी सांगितलं. खुंटी बसवायचं तुम्हाला सांगणार होते, तेही माझ्याकडून राहिलं. तिला काही बोलायचं नाही."

सखीनं मूठ सोडली.

स्वच्छ पेल्यांतून माल पुन्हा तपासला. चांगला होता. सफरचंद, मध, खळ, आणि शेवटी जिभेच्या टोकाला मिरीसारखी किंचित चुणचुण. गाड्या हलल्या. केसरीनाथ निघून गेले, सखीही गेली. मग खोलीत दोघीच राहिल्या आणि मधे मी.

मॅडमनी मला पुन्हा नाकाशी धरलं. आता त्यांना कोणाला काही दाखवायचं नव्हतं.

"केसरीनाथला आला," त्या म्हणाल्या. "तंबाखू खाणाऱ्या माणसाला आला. मला नाही आला, नेत्रा. अजूनही येत नाही."

नेत्रानं मला त्यांच्या हातातून अलगद घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"गेल्या पावसाळ्यापासून वाटत होतं मला. सर्दी म्हणायचे. तू बरोबर आहेस, म्हणून निभत होतं."

"जीभ आहे तुमची. तुमच्यासारखी जीभ कोणाची नाही."

"जीभ आहे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्या आवाजात जुनी शिस्त आली. "मग असं करू. तुझं नाक, माझी जीभ. वरच्या ऑफिसला मी आजच कळवते, माझं आणि तुझं दोन्ही. तू याच खोलीत राहायचंस. पण रीमाला विचारलं नव्हतं, तुला विचारते. राहशील?"

"राहीन."

तसं त्यांनी कळवलं, आणि ऑफिसनं ते मान्य केलं. अडचण आली ती घरून, सुनेला दिवस असताना दारूजवळ काम कशाला म्हणून. बातमी कळल्यावर एक दिवस गोदूबाई स्वतःच जिना चढून आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात पिशवी.

"मना बगायचाय, सून करतं तरी काय."

मॅडमनी तिला खुर्ची दिली. मला सोड्याच्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवून पुन्हा कामाला घेतलं होतं. माझ्यात थोडी व्हिस्की ओतून त्यांनी मला गोदूबाईसमोर ठेवलं. "प्यायचं नाही. नुसता वास घ्या आणि सांगा."

गोदूबाईनं सुनेकडं बघितलं, मग नथ बाजूला धरून वाकली. "दवाखान्याचा वास," ती म्हणाली. आम्ही वाट बघत होतो. तिनं पुन्हा हुंगलं. "न त्याचे मागशी गूळ हाय. काकवी म्हना."

"नाक आहे तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

"मासली-मावरा घेताना नाक नसल तं घरान काय आनशील?" गोदूबाई म्हणाली. मग नेत्राकडे वळली. "जिभेला लावशील तं बग. नाकाला लाव कवरा लावायचा तवरा." पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेली. डब्यात बोंबलाचं सुकं होतं. त्या वासानं त्या दिवशीची तपासणी बंद पडली आणि मॅडमनी पहिल्यांदाच खिडकी उघडायला लावली.

नेत्राला मुलगी झाली. रजा संपवून ती परत आली, याच खोलीत. आणि मॅडमचा निवृत्तीचा दिवस आला. खाली केसरीनाथांनी समोसे मागवले होते, भाषण झालं, शाल झाली. सगळं आटोपल्यावर दोघी वर आल्या. नेत्रानं न विचारता आयरिश ब्लेंडची एक बाटली उघडली, माझ्यात ओतली, चकती ठेवली, काढली आणि मला मॅडमच्या हातात दिलं.

मॅडमनी मला नाकाशी नेलं. माझं तोंड त्यांच्या श्वासानं ओलसर झालं. मग त्यांनी मला नेत्राकडं दिलं आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले.

"सांग," त्या म्हणाल्या.

नेत्रानं वास घेतला. "हिरवं सफरचंद. पण आज जरा पिकलेलं, साल सुरकुतलेलं."

"हं."

"खळ आहे. पातळ. व्हॅनिला आहे, लाकडातून आलेला. मागे मध. आणि अगदी खाली, मॅडम, तासलेली पेन्सिल."

"पेन्सिल असायचीच," मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या. "मीच विसरले होते. अजून?"

"अजून बघते." आणि नेत्रा पुन्हा माझ्यावर वाकली.

मित्रांनो, मी अजून याच खोलीत आहे. नेत्रा आता नव्या मुलींना शिकवते. माझी खुंटी नवी बसवली आहे. माझी तुम्हाला एवढीच विनंती. भांडं पालथं घालाल तेव्हा त्याखाली काय आहे ते बघा आणि त्याला वारा लागू द्या. आणि तुमच्या घरात कोणाचं नाक, कान किंवा डोळे मंद होत चालले असतील, तर त्यांच्या चुका मोजू नका. त्यांच्याजवळ बसा, आणि तुम्हाला जो वास येतो, जे ऐकू येतं, दिसतं, ते त्यांना सावकाश सांगा.